‘लेकीला रिमांड होममध्ये नोकरी करायची आहे’

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

‘माझी मुलगी वीस वर्षांची आहे, मानसशास्त्र शिकते. गेल्या उन्हाळ्यात ती ज्युवेनाइल हॉलमधल्या (पोलिसांनी धरलेल्या मुलांना ठेवतात तिथल्या) मुलांना गणित शिकवायला जात होती. आता म्हणते, काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, प्रोबेशन खात्यातच (कोर्टाच्या देखरेखीखालच्या माणसांवर लक्ष ठेवणारं खातं) नोकरी करीन आणि पुढे ते खातं चालवीन. तिचे बाबा म्हणतात, त्यापेक्षा लॉ कर, नाहीतर पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स करून थेट ऑफिसात बस. मला एवढंच दिसतं की पोरगी रिमांड होममध्ये नोकरी करणार. पुण्यातलं ते निबंधाचं प्रकरण झाल्यापासून तर या सगळ्यावरचा विश्वासच उडालाय. ही पोलिसाची नोकरी आहे का? यात पुढे काय असतं? आणि सासूबाईंना काय सांगू?’

ताई,

सासूबाईंना सांगा, सरकारी नोकरी आहे आणि पेन्शन आहे. त्यांना तेवढं पुरेल. बाकीचं तुमच्यासाठी लिहिते.

आधी तो शब्द. मस्ती केलीस तर रिमांड होममध्ये टाकू, असा धाक घालून आपली पिढी वाढली. समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला मी मुंबईतल्या एका निरीक्षणगृहात फील्डवर्कला जायचे, तेव्हा आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची की पोरगी लायब्ररीत जाते. तेव्हा तुमची घालमेल मला परकी नाही. पण तुमच्या त्या एका शब्दात तीन वेगवेगळ्या नोकऱ्या कोंबल्या गेल्यात, आणि लेकीला हवी आहे ती चौथीच.

पुण्याचा विषय तुम्हीच काढलात म्हणून बोलते. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला. अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता आणि सगळा महाराष्ट्र त्या निबंधावर चिडला. मला खटकलं ते वेगळंच. आपल्या २०१५ च्या कायद्यात बाल न्याय मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. त्या रविवारी जामिनाचा निर्णय एकाच सदस्याने दिला. सुट्टीच्या दिवशी समोर आलेलं मूल आज रात्री कुठे झोपणार, हे कुणी ठरवायचं आणि कुठल्या माहितीवर? तुमची लेक ज्या खात्यात जायचं म्हणते, ते खातं याच प्रश्नावर उभं आहे.

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या, आणि ज्या काउंटीत ज्युवेनाइल हॉल आहे तिथे तो प्रोबेशन खात्याच्या ताब्यात. अठराच्या आतल्या मुलाला पोलिसांनी धरलं तर ते समज देऊन सोडू शकतात, नाहीतर हॉलच्या दाराशी आणतात. दारात बसलेला इनटेक ऑफिसर मात्र प्रोबेशनचा असतो, पोलिसांचा नव्हे. गुन्हा काय, आधीचं काही आहे का, कोर्टाची तारीख चुकवली होती का, याचे गुण मांडायचा एक तक्ता बऱ्याच काउंट्यांत असतो. पण तक्ता भरून झाला तरी घरी कोण आहे हे कळायला फोनच लावावा लागतो. आई रात्रपाळीला, आजीला इंग्रजी येत नाही, मावशी म्हणते माझ्याकडे नको. मूल ठेवून घेतलंच तर कोर्टाच्या सुट्ट्या वगळून ४८ तासांत पिटिशन, म्हणजे मुलावरच्या आरोपांचा अर्ज, दाखल व्हावी लागते, आणि ती दाखल झाल्यावर कोर्टाच्या पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेर मूल न्यायाधीशापुढे उभं राहावं लागतं. मुलांच्या कोर्टात जामीन नाही, ज्युरी नाही. ‘दोषी’ हा शब्दही नाही. आरोप खरा ठरला की पिटिशन ‘सस्टेन’ होते, शिक्षेच्या जागी ‘डिस्पोझिशन’ येतं, मूल कोर्टाचं ‘वॉर्ड’, म्हणजे कोर्टाच्या जबाबदारीचं, होतं. शब्द मऊ आहेत, दारं लोखंडीच आहेत.

आता त्या तीन नोकऱ्या. हॉलच्या आत पाळ्यांमध्ये मुलांबरोबर राहणारी माणसं ही पहिली. प्रत्येक काउंटीत पदाचं नाव निराळं, कुठे काउन्सेलर, तर लॉस एंजेलिसमध्ये डिटेन्शन सर्व्हिसेस ऑफिसर. सकाळी उठवणं, जेवणाची रांग, भांडण सोडवणं, रात्री प्रत्येक खोलीच्या खिडकीतून डोकावणं, सगळं त्यांच्याकडे. दुसरा डेप्युटी प्रोबेशन ऑफिसर. तो मुलाच्या घरी जातो, शाळेत जातो, न्यायाधीशासाठी मुलाच्या सगळ्या परिस्थितीचा अहवाल लिहितो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कायद्याने तो मर्यादित अधिकारांचा ‘पीस ऑफिसर’ असतो, अटक करू शकतो, पण त्याच्या दिवसाचा मोठा भाग लिहिण्यात, गाडी चालवण्यात आणि कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत जातो. तिसरी माणसं काउंटीच्या मानसिक आरोग्य खात्याची किंवा बाहेरच्या संस्थांची. व्यसनमुक्ती, समुपदेशन, नोकरीची ओळख, कधी नुसतं संध्याकाळी सोबत जेवणारा मोठा दादा. हॉलमधली शाळा आणखी तिसऱ्याच खात्याची, काउंटीच्या शिक्षण कार्यालयाची.

या सगळ्यांना एका मुलाभोवती एका वेळी उभं करायचं, ही चौथी नोकरी. राज्याचा गुन्हेप्रतिबंधाचा निधी घेणाऱ्या काउंटीत एक समन्वय परिषद असावी लागते आणि कायद्याप्रमाणे तिचा अध्यक्ष चीफ प्रोबेशन ऑफिसर असतो. सरकारी वकील, पब्लिक डिफेंडर (बचावासाठी सरकारने दिलेला वकील), शेरीफ (काउंटीचा पोलिसप्रमुख), समाजकल्याण, मानसिक आरोग्य, शिक्षण, शहर पोलिस, सगळे त्या टेबलाशी. ऐकूनच जांभई येते ना? पण मुलाला गोळ्या चालू असताना हॉलमधून घरी सोडलं आणि पुढच्या डॉक्टरची वेळ तीन आठवड्यांनंतरची निघाली, तर ते तीन आठवडे कुणाचे, याचा निकाल याच टेबलावर लागतो किंवा लागत नाही.

आणि हे टेबल आता पूर्वीपेक्षा जड झालं आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात राज्याच्या युथ अथॉरिटीच्या तुरुंगांत सुमारे १०,००० मुलं-तरुण होते. आकडा घसरत गेला, बदनामी वाढत गेली. २०२० मध्ये कायदा झाला आणि ३० जून २०२३ ला राज्याने ती व्यवस्था बंद केली. गंभीर गुन्ह्यांतली मुलं काउंट्यांकडे आली, काही प्रकरणांत वयाच्या पंचविशीपर्यंत. म्हणजे एकाच आवारात दोन रात्रींसाठी आलेला चौदा वर्षांचा पोरगा आणि काही वर्षं राहायला आलेला तेवीस वर्षांचा तरुण. एकाला आईशी बोलायचंय, दुसऱ्याला कॉलेजचे क्रेडिट हवेत. दोघांच्या झोपेच्या वेळासुद्धा जुळत नाहीत.

आता तिच्या बाबांच्या सूचनेकडे येते, कारण मला खरं तिथेच बोलायचं आहे.

लॉ वाईट नाही. १९६७ सालचा गॉल्ट खटला त्यांना वाचायला द्या. अ‍ॅरिझोनातल्या पंधरा वर्षांच्या मुलावर शेजारणीला अश्लील फोन केल्याचा आरोप होता. प्रौढाला त्यासाठी जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिने झाले असते. त्याला एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात पाठवलं, वकिलाशिवाय. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि अमेरिकेत अशा मुलांना वकिलाचा हक्क मिळाला. पब्लिक डिफेंडर होणं हे मानाचंच काम आहे. फक्त ती टेबलाची एक बाजू आहे, आणि तुमच्या लेकीला सगळं टेबल हवंय.

‘मास्टर्स करून थेट ऑफिसात’ याला मात्र माझा साफ विरोध. का, ते लॉस एंजेलिसकडे बघून सांगते. मे २०२३ मध्ये राज्याच्या देखरेख मंडळाने तिथले दोन हॉल मुलांना ठेवायला अयोग्य ठरवले. जुलैत मुलं डाउनीच्या लॉस पाद्रिनोस हॉलमध्ये हलवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तोही अयोग्य ठरला. मार्च २०२५ मध्ये, मुलांच्या आपापसातल्या मारामाऱ्या होऊ दिल्याच्या आरोपावरून ३० अधिकाऱ्यांवर खटला असल्याचं राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी जाहीर केलं. तिथे योजना कमी नव्हत्या, पैसाही होता. माणसं कामावर येत नव्हती. मुलांना वर्गापर्यंत किंवा डॉक्टरकडे न्यायला पाळीवर कुणी नाही म्हणून वर्ग बुडत, तपासण्या चुकत. शिक्षण खात्याचा मास्तर फळ्यापाशी उभा आणि मुलं कुलपाआड. वरच्या मजल्यावरचा सगळा समन्वय शेवटी त्या शंभर फुटांच्या कॉरिडॉरमध्ये येऊन थांबतो, आणि कॉरिडॉर मास्टर्सच्या पुस्तकात नसतो.

म्हणून लेकीने पदवीनंतर आधी हॉलमध्येच पाळी करावी, असं मी म्हणेन. दीड-दोन वर्षं, त्यात रात्रपाळीही. मग डेप्युटी प्रोबेशन ऑफिसर. मग जमलं तर काही काळ बाहेरच्या संस्थेत, कारण काउंटीशी करार करणाऱ्या संस्थेला बिलाचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत की काय होतं, हे तिकडे बसल्याशिवाय कळत नाही. (हे मी अनुभवाने सांगते. एका छोट्या संस्थेत असताना आमचे दोन महिन्यांचे पगार असेच अडकले होते.) मास्टर्स करायचीच तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची, आधी. सॅन होजे स्टेटमध्ये जस्टिस स्टडीजही आहे आणि समाजकार्याचा विभागही, घरापासून लांब जायलाही नको. पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नंतर, सुपरवायझर झाल्यावर, संध्याकाळच्या वर्गांत. तेव्हा तिला बजेटचं कोष्टक वाचताना माणसं दिसतील.

पायऱ्या साधारण अशा: ऑफिसर, वरिष्ठ ऑफिसर, सुपरवायझर, विभागप्रमुख, डेप्युटी चीफ, चीफ. शेवटची पायरी कष्टावर मिळत नाही. चीफची नेमणूक काही काउंट्यांत न्यायाधीश करतात, काही ठिकाणी काउंटीचं प्रशासन किंवा काउंटीच्या कारभारी मंडळावर निवडून आलेले सदस्य (त्यांनाही सुपरवायझरच म्हणतात). राजकारण येतंच. सगळ्यांना चीफ व्हायचंही नसतं. मधल्या पायरीवर बसून एखाद्या काउंटीचं सगळं वळण बदललेली माणसं असतात, त्यांचं नाव कुठे छापून येत नाही. पूर्वी कॅलिफोर्नियात मूल हॉलमध्ये राहिलं की आई-बापांना रात्रीच्या हिशेबाने बिल येत असे. आधी अलामेडा काउंटीने ते थांबवलं, मग २०१८ पासून सगळ्या राज्यात बंद झालं. वसुलीला किती खर्च येतो आणि हाती किती लागतं, हे कुणीतरी आधी वहीत मांडलं असणारच.

पैसा. सॉफ्टवेअरइतका नाही, आणि बे एरियात घरभाडं भरताना ते जाणवणार. प्रत्येक पदाची वेतनश्रेणी काउंटी जाहीर करते, अंदाज करण्यापेक्षा बघून घ्या. पेन्शनचे नियम २०१३ नंतर रुजू होणाऱ्यांसाठी कडक झालेत, तरी पेन्शन आहे. नोकरीआधी पार्श्वभूमीची कसून चौकशी होते, मानसशास्त्रीय चाचणी होते. जुने मालक, सोशल मीडिया, सगळं उकरतात. लेकीला आत्ताच सांगून ठेवा.

सुरक्षितता. खोटं बोलणार नाही, हॉलमध्ये मार बसू शकतो. काही काउंट्यांच्या हॉलमध्ये पेपर स्प्रे वापरतात, काहींत नाही. मुलाखतीत हे तिने विचारावं. त्या हॉलचा स्वभाव उत्तरातून कळतो. एका पाळीला किती माणसं असतात आणि सक्तीचा ओव्हरटाइम किती, हेही.

एक धोका मात्र कुणी सांगत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत भाकीत होतं की हिंसक मुलांची लाट येणार. लाट आलीच नाही. उलट अटका कमी होत गेल्या आणि मोठमोठे हॉल अर्धे रिकामे राहिले. सॅन फ्रान्सिस्कोच्या सुपरवायझर मंडळाने तर २०१९ मध्ये हॉल बंदच करायचा ठराव केला, तो अजून अमलात आलेला नाही. तेव्हा फक्त कुलपाच्या बाजूचं काम शिकलेल्या माणसाची जागा आक्रसत जाईल. तिन्ही बाजू शिकायला सांगते ती याचसाठी. आणि स्पॅनिश. मराठी घरात बोलेलच ती. पण तुमच्या भागातल्या हॉलमधली बहुतेक मुलं लॅटिनो असतात, आणि त्या रात्रीच्या फोनवर जी आजी येणार आहे, तिच्याशी स्पॅनिशमध्येच बोलावं लागेल.

आता खालचं लेकीला वाचून दाखवा.

बाळा, तुझ्या काउंटीत ज्युवेनाइल जस्टिस कमिशन असतं. नागरिकांचं. वर्षातून निदान एकदा ते हॉलची तपासणी करतं, खोल्या बघतं, मुलांशी बोलतं, अहवाल लिहितं. कायद्याने त्यात सात ते पंधरा सदस्य असतात आणि त्यातले किमान दोघे १४ ते २१ वयाचे असावे लागतात. तू वीस वर्षांची आहेस, म्हणजे फार वेळ उरलेला नाही. जागा रिकामी आहे का, या आठवड्यात विचार. गणित शिकवताना तू हॉलचा एक वर्ग पाहिलास, इथे स्वयंपाकघरापासून एकांत खोलीपर्यंत सगळं बघता येईल, आणि तक्रार केल्यावर कुठलं खातं कुणाकडे बोट दाखवतं तेही. बैठका सगळ्यांसाठी खुल्या असतात. पहिल्या बैठकीला आईलाही ने, मागच्या रांगेत बसता येतं.