'काउंटरमेलडी'ला मराठीत काय म्हणावं?

'काउंटरमेलडी' म्हणजे मुख्य गाण्याच्या जोडीने वाजणारी, पण स्वतःच्या वेगळ्या वळणाची दुसरी धून. तिच्यासाठी 'प्रतिधून' चालेल का, आणि नसेल तर सरळ 'साथ' का म्हणू नये, असा प्रश्न आला आहे.

'प्रतिधून' आधी कानालाच खटकतो. घाईत म्हटला की 'प्रतिध्वनी' ऐकू येतो आणि अर्थाचा पार विचका होतो. प्रतिध्वनी तेच परत म्हणतो. ही धून नेमकं तेच टाळते. शिवाय 'प्रति' हा उपसर्ग भलताच बहुरूपी. प्रतिस्पर्ध्यात विरोध, प्रतिबिंबात नक्कल, प्रतिनिधीत 'ऐवजी'. इथे यांतलं काहीच अभिप्रेत नाही.

'साथ' फार ढोबळ. गायकामागोमाग पेटी त्याचेच सूर वाजवत जाते, तीही साथच.

आता प्रत्यक्ष सूर बघा. मुख्य गाणं 'सा रे ग' असं चढलं आणि दुसरा आवाज त्याच्या जोडीने 'ग म प' असा चढला, तर ती हार्मनी: पहिला वळेल तिकडे दुसरा. पण गाणारा गंधारावर रेंगाळला असताना व्हायोलिन वरच्या षड्जावरून 'सां नि ध प' असं सावकाश उतरलं, आणि गाणं पुढे सरकताच पंचमावर टेकलं, तर ती काउंटरमेलडी. एक थांबला की दुसरा चालू लागतो, म्हणून दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात. नुसती गुणगुणून बघा, तिला स्वतःचा आकार असतो.

हिंदी चित्रपटसंगीतातले वादक अशा धुनेला 'ऑब्लिगाटो' हा शब्द वापरत. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ रचणारे, सेबॅस्टियन डिसूझा यात वाकबगार होते. मूळ इटालियन अर्थ 'बंधनकारक', म्हणजे गाळायचा नाही असा भाग. गंमत अशी, की पुढे तो ऐच्छिक सजावटीलाही लागला.

माझं मत 'जोडधून'ला. जोडधंदा दुय्यम खरा, पण त्याची कमाई त्याची स्वतःची असते आणि तो मुख्य धंद्याची नक्कल नसतो. 'जोडचाल' का नको? चाल आपण शब्दांना लावतो. हिला बहुधा शब्द नसतातच.

'काउंटरपॉइंट'ला, म्हणजे स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी गुंफण्याच्या तंत्राला, मात्र हा शब्द लावू नका. लॅटिनमध्ये त्याचं मूळ 'बिंदूसमोर बिंदू' असं आहे. तिथे दोन्ही सुरावटी तोलामोलाच्या, जोडीला घेतलेलं कुणीच नाही.