डोक्याला मार आणि मेंदूभोवतीच्या पाण्यातली प्रथिनं

प्रश्न : अपघातात भावाच्या डोक्याला जबर मार लागलाय, आयसीयूत आहे. पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचंच) काढून प्रथिनं तपासली तर मेंदूला किती इजा झाली ते कळतं, असं वाचलं. डॉक्टर नाही म्हणतात. का? (एक वाचक, सांगली)

डॉक्टरांचं बरोबर आहे. सूज किंवा साकळलेलं रक्त यांमुळे कवटीतला दाब वाढलेला असताना कमरेतून पाणी काढलं, तर मेंदू खाली सरकून श्वास चालवणारा भाग चेपला जाऊ शकतो. तपासणीपायी जीव जायचा! अतिगंभीर रुग्णाच्या मेंदूतल्या पोकळीत दाब मोजायला नळी घातलेली असेल तर पाणी तिच्यातून मिळतं. तरी उपचार ठरतात ते सीटी स्कॅन, दाब, डोळ्यांच्या बाहुल्या आणि ग्लासगो स्कोअर (रुग्ण किती शुद्धीवर आहे याचे गुण) यांवर. प्रथिनांचे आकडे सध्या मुख्यतः संशोधनाच्या कामाचे.

प्रश्न : अशाच नळीतल्या नमुन्यांवर आम्ही जीएफएपी, यूसीएच-एल१, टाऊ आणि एनएसई ही मेंदूच्या पेशींतली प्रथिनं मोजतो. एकाच रुग्णाचे आकडे कसेही उड्या मारतात. (लॅब टेक्निशियन, पुणे)

आधी पाहा, नमुना नळीच्या टोकाला पाणी साठवणाऱ्या पिशवीतून घेताय का? हे पाणी तासाला साधारण २० मिलि तयार होतं. पिशवीत कित्येक तासांचं मिसळलेलं आणि खोलीच्या तापमानाला पडून राहिलेलं असतं. रुग्णाजवळच्या पोर्टमधून (नळीवरच्या नमुना घ्यायच्या तोंडातून) घ्यायला सांगा: नळीत साचलेलं पहिलं १-२ मिलि टाकून पुढचं २ मिलि. त्यासाठी नळी वेगळी उघडायला मात्र लावू नका, दर वेळी जंतुसंसर्गाचा धोका असतो. वॉर्डचा नेहमीचा नमुना घेतानाच तुमचा घ्यावा.

ट्यूब पॉलिप्रॉपिलीनची हवी. काच आणि पॉलिस्टायरीनला टाऊ चिकटतं. तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये २००० जी वर १० मिनिटं फिरवा (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पट, आरपीएम म्हणजे मिनिटाचे फेरे नव्हेत, रोटरच्या त्रिज्येवरून हिशेब करा), अर्ध्या-अर्ध्या मिलिचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा आणि प्रत्येक भाग एकदाच वितळवा. वरचं पाणी लालसर दिसलं तर एनएसईचा आकडा सोडून द्या: ते तांबड्या पेशींतही असतं आणि पेशी फुटल्यावर सेंट्रिफ्यूज काही करू शकत नाही.

सगळ्यात फसवा प्रकार वेगळाच. या पाण्यात ही प्रथिनं रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतात. रक्तासाठीचं किट तसंच वापरलं तर अतिजास्त प्रमाणामुळे आकडा उलट खोटा कमी येऊ शकतो, त्याला हुक इफेक्ट म्हणतात. नमुना १:१० आणि १:१०० असा दोन्ही प्रमाणांत पातळ करून हिशेब जुळतो का बघा.

वेळ मोजायची ती मार लागल्यापासून, भरती झाल्यापासून नव्हे. यूसीएच-एल१ काही तासांतच चढतं, टाऊ दिवसेंदिवस वर राहू शकतं. आणि नळीतून तासाला किती पाणी आलं, तेही लिहून ठेवा.

प्रश्न : पडल्यापासून वाकलं की एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी गळतं. सर्दी नाही. (वाचक, नाशिक)

हे मेंदूभोवतीचंच पाणी गळत असू शकतं. न्यूरोसर्जन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवा. ते ओळखायला बीटा-२ ट्रान्सफेरिन या प्रथिनाची तपासणी होते. वाकून साधारण १ मिलि पाणी स्वच्छ कोरड्या बाटलीत धरा, रुमालात नको. साखरेच्या पट्टीवर विसंबू नका, अश्रू आणि रक्तातही साखर असते. नाक जोरात शिंकरू नका. ताप, मान आखडणं किंवा गुंगी आली तर तपासणीच्या रिपोर्टसाठी न थांबता थेट इस्पितळ गाठा.