छायाचित्रांचे फॉरमॅट बदलताना

मालवणातील आपल्या घरगुती निवासाची छायाचित्रे आणि आंब्याच्या पेटीवरचे लेबल ही दोन्ही कामे आपण जेपेगमध्येच (छायाचित्रे लहान फाइलीत साठवणाऱ्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये) उरकू पाहत आहात. माझ्या मते त्यांचा विचार वेगवेगळा करावा. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यांतील बारीक तपशील गाळते, आणि एकदा गाळलेला तपशील पुढे पीएनजी (तपशील न गाळता चित्र साठवणारा फॉरमॅट) केल्याने परत येत नाही, उलट फाइल मात्र फुगते. वाळूत किंवा माडांच्या झावळ्यांत ही गळती सहसा जाणवत नाही, परंतु लेबल पडद्यावर मोठे करून पाहिल्यास ‘देवगड हापूस’ या अक्षरांच्या कडांभोवती करड्या ठिपक्यांची धूळ स्पष्ट दिसते. लेबल म्हणूनच पीएनजीमध्ये ठेवावे, विशेषतः पार्श्वभूमी पारदर्शक असेल तर. जेपेगला पारदर्शकता ठाऊकच नाही, ती जागा पांढरी किंवा काळी होऊन बसते.

आयफोनमधील एचईआयसी फाइली (आयफोनच्या २०१७ च्या आयओएस ११ या प्रणालीपासून आलेला छायाचित्रांचा फॉरमॅट) छापखान्यातील जुन्या संगणकावर उघडतीलच असे नाही, त्यामुळे पाठवण्यापूर्वी त्यांचे जेपेग करावे आणि दर्जा १०० पैकी ९० च्या आसपास ठेवावा. फाइलच्या नावाचे शेपूट (.jpg, .png वगैरे) बदलले म्हणजे फॉरमॅट बदलला, हा समज इतका पसरलेला आहे की मुद्दाम सांगतो: तसे होत नाही. व्हॉट्सॲपवर छायाचित्र पाठवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावे, अन्यथा ते वाटेतच पुन्हा आकसते. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवावी आणि प्रत्येक नवे रूपांतर तिच्यावरूनच करावे.