उन्हाळ्यात भाजी करायची म्हणतोयस तर आधी पाणी बघ

भावा, २० गुंठ्यात उन्हाळी भाजी करायची म्हणतोयस, चांगलंय, पण आधी मे महिन्यात बोअर किती वेळ चालतं ते बघ आणि त्यावरच क्षेत्र ठरव, सगळं रान एकदम लावू नको. सोलापूरचं ऊन म्हणजे ४२-४३ सहज जातं, त्यात टोमॅटोची फुलं गळतात, म्हणून नवीन माणसानं गवार, भेंडी, चवळी, दोडका यावर भर द्यावा, गवार तर आपल्या उन्हाला दाद देत नाही.

पैसे खरे कोथिंबिरीत. उन्हाळ्यात ती कमी असते म्हणून भाव मिळतो, पण उघड्यावर नीट उगवतच नाही. धने चपलेनं हलके रगडून दोन फाकी कर, रात्रभर भिजव, ५० टक्के ऊन अडवणाऱ्या शेडनेटखाली (सावलीच्या जाळीखाली) पेर, आणि सगळं एकदम न पेरता दर आठवड्याला दोन-दोन वाफे टाक म्हणजे बाजारात तुझा माल सारखा दिसतो, गिऱ्हाईक टिकतं.

ड्रिप पहाटे नाहीतर संध्याकाळी सोड. आपल्याकडं उसाचं पाचट भरपूर, ते जाळू नका रे, ओळींमधे चार बोटं जाड अंथर, ओल टिकते आणि तणपण दबतं. पश्चिमेला मका दाट लाव, गरम वारं अडतं. भेंडीवर पांढरी माशी आली की पिवळा केवडा (पानं पिवळी पाडणारा रोग) आलाच समज, आधीच पिवळे चिकट सापळे लाव आणि पिवळं झाड दिसलं की उपटून टाक.

तोडणी उजाडायच्या आत, जुड्या ओल्या गोणपाटात, मग मंडईत.