१४५३ की १४९२? माझं उत्तर १५७१

प्रश्न : मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात लिहिलंय, की १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, आशियाकडे जाणारा खुश्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्ग शोधायला निघाले. दुसऱ्या एका पुस्तकात आधुनिक काळ १४९२ पासून धरलाय. मुलगा विचारतो, खरं वळण कोणतं? बाई, एकच साल निवडायचं झालं तर तुम्ही कोणतं निवडाल?

उत्तर : आधी मुलाला शाबासकी द्या. ते 'म्हणून' मीसुद्धा कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत होते. एकदा सालं एकापुढे एक मांडून पाहिली, तेव्हा ते टिकेना. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं सेउटा घेतलं १४१५ मध्ये आणि बोजादोरचं भूशिर ओलांडलं १४३४ मध्ये. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या १९ वर्षं आधी! शिवाय मिरी-लवंग व्हेनिसला जायची ती मुख्यतः अलेक्झांड्रिया आणि बैरूतहून. ही बंदरं इजिप्तच्या मामलुक सुलतानांची होती, ती तुर्कांकडे गेली १५१६-१७ मध्ये. तोवर वास्को द गामा कालिकतला येऊन परत गेल्यालाही बरीच वर्षं झाली होती. १४५३ लहान घटना नाही. हजार वर्षांहून जुनं बायझंटाईन (पूर्व रोमन) साम्राज्य तिथे संपलं, अभेद्य मानलेली तटबंदी तोफांपुढे ढासळली. पण समुद्रप्रवासाचं कारण म्हणून हे साल सांगू नये.

१४९२ चं पारडं नक्कीच जड आहे. कोलंबसामागून गेलेल्यांनी देवीचा रोग नेला, आणि १५२० मध्ये मेक्सिकोतल्या अॅझ्टेकांच्या राजधानीत त्या साथीने माणसं पटापट मेली. मका, बटाटा, रताळं, मिरची उरलेल्या जगात आली तीही याच वाटेने.

तरी मी १५७१ निवडते. त्या वर्षी स्पॅनिश लोकांनी फिलिपिन्समधलं मनिला हे आपलं ठाणं केलं. ऐकायला साधं वाटतं, आणि त्याला आपला भिंतीवरचा नकाशाही कारण आहे. बहुतेक नकाशांत पॅसिफिक महासागर कापलेला असतो, थोडा डाव्या काठाला, थोडा उजव्या. मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरापासून मनिलापर्यंत रेघ ओढायला जावं तर खडू काठाशीच थांबतो. म्हणून हा धडा मी पृथ्वीचा गोल आणि दोरा घेऊनच शिकवायचे.

दोऱ्याचं टोक ठेवायचं पोटोसीवर, आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटरवर. तिथल्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. सुरुवातीचं कसदार खनिज सरत आलं, तेव्हा हलक्या खनिजातून पाऱ्याच्या मदतीने चांदी काढायला लागले. हा पाराही त्याच खंडातला, पेरूमधल्या वान्काव्हेलिकाचा. मग हवी होती माणसं. स्पेनच्या राजाचा तिथला प्रतिनिधी, व्हॉइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदोने इंका काळातली 'मिता' ही वेठ नव्याने लावली : ठरवून दिलेल्या प्रांतांतल्या दर सात कर्त्या पुरुषांमागे एकाने आळीपाळीने पोटोसीला जायचं. लोक बायकामुलं आणि लामांचे कळप घेऊन शेकडो किलोमीटर चालत येत. एका स्पॅनिश जेझुइट पाद्र्याने लिहून ठेवलंय, की खनिजाचं ओझं पाठीला बांधून मजूर अंधारात कातड्याच्या शिड्या चढत, आणि पुढच्याच्या अंगठ्याला मेणबत्ती बांधलेली असे. दोन्ही हात शिडीला, उजेड अंगठ्यावर. तो अंगठा मला विसरता येत नाही. वर्गात मुलंही इथे गप्प होत.

आता दोरा पुढे न्या. चीनमधल्या मिंग राजवटीच्या कागदी नोटांवरचा लोकांचा विश्वास केव्हाच उडाला होता. व्यवहार चांदीत होत होते, आणि झांग जुझेंग या मंत्र्याच्या काळात बरेचसे कर एकत्र करून चांदीत घ्यायची पद्धत देशभर पसरली. एवढ्या मोठ्या देशाला चांदी हवी, त्यामुळे तिथे तिचा भाव चढा. चीनमध्ये सहा-सात किलो चांदीत एक किलो सोनं मिळे, स्पेनमध्ये त्यालाच बारा-तेरा किलो लागत. जहाजं कुठे वळणार, हे या एका गुणोत्तरानेच ठरलं. गॅलिअन हे मोठं स्पॅनिश शिडाचं जहाज अकापुल्कोहून तीनेक महिन्यांत मनिलाला येई, आणि रेशीम, चिनी मातीची भांडी घेऊन परतायला त्याला चार ते सहा महिने लागत. ही ये-जा १८१५ पर्यंत चालली. 'आठ रेआल'चं स्पॅनिश नाणं साधारण २७ ग्रॅम चांदीचं. पोटोसीत ते हातोडीने ठोकून पाडत, त्यामुळे कडा वेड्यावाकड्या. चिनी व्यापारी त्यावरचा राजाचा शिक्का बघत नसत, तराजूत टाकून तोलत, वाटलं तर तुकडे करत.

अमेरिका आणि आशिया थेट व्यापाराने नेमाने जोडले गेले ते तेव्हा. काही अर्थ-इतिहासकारही जागतिक व्यापाराचा आरंभ १५७१ पासूनच धरतात. मला ते पटतं, कारण त्यानंतर अँडीजमधल्या खाणीत किती माणसं उतरवायची याचा संबंध चीनच्या फुजियान प्रांतातल्या शेतकऱ्याच्या करपट्टीशी लागतो. त्या दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नव्हतं.

प्रश्न : एवढी चांदी हाती होती, मग स्पेनचं दिवाळं कसं निघालं?

उत्तर : चांदी यायच्या आधीच ती गहाण पडलेली असे. स्पेनचा राजा दुसऱ्या फिलिपने इटलीतल्या जेनोवाच्या सावकारांकडून उचल घ्यायची, ती नेदरलँड्समधल्या लढाईत घालायची आणि अमेरिकेहून चांदीचं आरमार आलं की फेडायची, असं चाललं होतं. १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ अशी चारदा त्याने देणी थांबवली. १५७५ नंतर सैन्याचा पगार तुंबला. नोव्हेंबर १५७६ मध्ये त्याच्याच बंडखोर शिपायांनी अँटवर्प लुटलं, हजारो माणसं मारली. त्याच्या राज्यातलं सर्वांत श्रीमंत व्यापारी शहर होतं ते.