'ट्रेड' म्हणजे व्यापार नव्हे, आणि 'लेगसी' म्हणजे दर वेळी वारसा नव्हे

डॅलसजवळ राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचा मुलगा आणि त्याचे मित्र तासन्‌तास वाद घालतात: अमेरिकन फुटबॉलमधला अमका ट्रेड कुणाला फळला, बास्केटबॉलमधल्या तमक्याची लेगसी किती मोठी. पुण्याहून आलेल्या आजोबांनी विचारलं, पोरं कशावरून भांडतायत? ताई म्हणाल्या, "खेळाडूंच्या व्यापारावरून आणि खेळाडूंच्या वारशावरून." त्यावर आजोबा म्हणाले, "माणसांचा कसला व्यापार? आणि वारसा म्हणतेस, म्हणजे तो खेळाडू वारला का?" ताई विचारतात, मग नेमके शब्द कोणते?

आजोबांनी दोन्ही वेळा बरोबर जागेवर बोट ठेवलं आहे.

'व्यापार' हा संस्कृतातून आलेला शब्द. मूळ अर्थ चाललेलं काम, गुंतलेलं असणं. मनोव्यापार, शब्दव्यापार यांत तो अर्थ अजून शाबूत आहे. पुढे तो धंद्याला चिकटला, पण 'चालू असणं' सुटलं नाही. कांद्याचा व्यापार असतो, तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. एक गाडी कांदा विकला म्हणून 'आज एक व्यापार केला' असं लासलगावात कुणी म्हणणार नाही. तो सौदा झाला, व्यवहार झाला. शिवाय माणसांना 'व्यापार' जोडला की गुलामांचा आणि मुलींचा व्यापारच आठवतो. आजोबा दचकले ते त्यामुळे.

आता खेळातली गोष्ट बघू, कारण शब्द तिथेच अडतो. आपण ज्याला नुसतं फुटबॉल म्हणतो, त्यात क्लब पैसे मोजून खेळाडू आणतो. २०१७ मध्ये पॅरिसच्या क्लबने नेमारला बार्सिलोनाकडून सोडवून आणायला २२ कोटी २० लाख युरो मोजले. तिथे 'विकत घेतला' हे क्रियापद चपखल बसतं. खेळाडू नव्या क्लबशी नवा करार करतो, म्हणजे त्याचा होकारही लागतो. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये आणि बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये रीत वेगळी. खेळाडूचा चालू करार उचलून दुसऱ्या संघाकडे जातो आणि बदल्यात दुसरे खेळाडू येतात, किंवा पुढच्या वर्षांतले नवे खेळाडू निवडण्याचे हक्क येतात. खेळाडूला सहसा विचारत नाहीत. करारात तशी अट घालून घेतली असेल तर विचारावं लागतं, पण ती फार थोड्यांना मिळते. १ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री उशिरा डॅलस मॅव्हरिक्स या बास्केटबॉल संघाने लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सला दिलं आणि अँथनी डेव्हिसला घेतलं. आदल्याच मोसमात याच लुकाने डॅलसला अंतिम फेरीत नेलं होतं. त्याला फोन गेला तेव्हा सगळं ठरून गेलेलं होतं. ताई त्याच गावात राहतात, तेव्हा ती रात्र त्यांच्या मुलाला चांगली आठवत असणार.

मी आत्ता काय लिहिलं ते पाहा: 'लुकाला दिलं आणि डेव्हिसला घेतलं.' एकाही इंग्रजी शब्दाविना ट्रेड सांगून झाला. इंग्रजीत एका नामात जे मावतं, ते मराठी पुष्कळदा दोन क्रियापदांच्या जोडीत सांगते. 'याला देऊन त्याला घेतलं.' प्रतिशब्द शोधताना आपण नामामागे नाम लावत बसतो आणि हातातलं क्रियापद विसरतो. परभाषेतली कल्पना मराठीत आणताना ही चूक आपल्याकडून सर्वांत जास्त होते, असं माझं ठाम मत आहे.

या बोलीचं पूर्ण शिक्षण मला लहानपणी मिळालं ते बोहारणीकडून. दुपारी ती वाड्यात यायची, डोक्यावरची पाटी उतरवून पायरीवर बसायची आणि स्टीलचं एक पातेलं आईपुढे ठेवायची. आई दोन जुन्या साड्या काढायची. बोहारीण साडी उजेडात धरून विरलेली जागा शोधायची, काठ बोटांत चुरगाळून बघायची आणि म्हणायची, "एवढ्यात नाही परवडत वहिनी, वर एक प्यांट टाका." आई म्हणायची, "मग झाकणही दे." अर्धा तास चालायचं. पैशाचं नाव नाही. 'बदल्यात', 'वर टाका', 'परवडत नाही', 'पदरात पडलं': ट्रेडवर बोलायला लागणारे सगळे शब्द त्या पायरीवर होते.

त्याच बोलीत अमेरिकन फुटबॉलमधला १२ ऑक्टोबर १९८९ चा हर्शल वॉकरचा सौदा सांगतो. पोरांच्या वादात तो आला नसेल तर नवलच. डॅलस काउबॉइज तेव्हा पार रसातळाला गेलेला संघ. त्या मोसमात १६ पैकी एकच सामना जिंकला. जवळ मोलाचा गडी एकच, वॉकर. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी तोच मिनेसोटा व्हायकिंग्जला देऊन टाकला. बदल्यात पाच खेळाडू घेतले, आणि वर निवडीचे हक्क. मिनेसोटाला वाटलं, खरा मोबदला ते पाच खेळाडूच. करारात मात्र अट होती की डॅलसने ठरल्या मुदतीत यातले खेळाडू सोडले तर त्यांच्यापोटी आणखी हक्क मिळतील. जॉन्सन यांचा डोळा पहिल्यापासून त्या हक्कांवर होता. निवडीच्या पहिल्या फेरीचे तीन आणि दुसऱ्या फेरीचे तीन हक्क डॅलसच्या पदरात पडले. त्यातूनच फिरवाफिरवी करून १९९० मध्ये एमिट स्मिथ आला, जो पुढे चेंडू घेऊन धावण्यात लीगच्या इतिहासात सर्वांत पुढे गेला. १९९२, १९९३ आणि १९९५ या तीन मोसमांचं विजेतेपद डॅलसकडे आलं. वॉकर १९९१ च्या मोसमानंतर मिनेसोटातून बाहेर पडला. तो असेपर्यंत तो संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, एकदाही पोचला नाही.

म्हणजे जे मिनेसोटाने 'वर टाकलं', तेच सगळ्यात मोलाचं निघालं. हा 'वर' शब्द आपल्याकडच्या क्रिकेटलाही चालतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये राजस्थानने संजू सॅमसनला चेन्नईला दिलं, बदल्यात रवींद्र जडेजाला घेतलं आणि वर सॅम करन. त्याआधी २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे परतला तेव्हा मुंबईने पैसे मोजले, बदल्यात कुणी गेलं नाही. दोन्हींना आपण 'ट्रेड' म्हणतो, पण मराठीने बोललं तर फरक आपोआप दिसतो: हार्दिकला घेतलं, संजूला देऊन जडेजाला घेतलं.

नामच हवं असेल तर बोलताना 'सौदा', लिहिताना 'व्यवहार'. 'अदलाबदल' मला तेव्हाच पटते जेव्हा माणसाला माणूस गेलेला असतो. वॉकरच्या सौद्याला ती अपुरी पडते. एका मित्राने 'साटंलोटं' सुचवलं होतं. मूळ अर्थाने शब्द अगदी जवळचा: या घरची मुलगी त्या घरी, त्या घरची या घरी, आणि मुलींना कुणी विचारायचं नाही. पण आज साटंलोटं म्हटलं की संगनमत, आतून मिलीभगत, एवढंच ऐकू येतं. बातमीत तो शब्द घातला तर वाचकाला वाटेल की दोन्ही संघांनी मिळून सामना ठरवला. तो नकोच. आणि नवे खेळाडू वाटून घेण्याच्या 'ड्राफ्ट'ला काही जण 'मसुदा' म्हणतात, ते तर साफ चूक. मसुदा कागदाचा असतो. 'पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क' म्हणा, कुणालाही कळेल.

एक शब्द मात्र कुणी वापरत नाही आणि वापरावा असं मला मनापासून वाटतं: बदली. आतापर्यंत आपण संघाच्या बाजूने बोललो. खेळाडूच्या बाजूने बघा. एका संध्याकाळी कळतं की उद्यापासून दुसरं गाव. बायकोची नोकरी, मुलांची शाळा, घर, सगळं मागे. ज्या घरात मास्तर, तलाठी किंवा एसटीतलं कुणी आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. 'लुकाची लॉस एंजेलिसला बदली झाली' या वाक्यात त्या माणसाची असहायता येते, ती 'ट्रेड झाला' यात येत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांत 'आपसी बदली' असते: दोन शिक्षक एकमेकांच्या जागी जायला राजी होतात आणि दोघे मिळून अर्ज करतात. एनबीएमधली बदली त्याच्या नेमकी उलट. दोन कचेऱ्या राजी होतात, माणसांना नंतर कळतं.

आता लेगसी. तिच्याकडे जायला वाटेत एक सुंदर शब्द लागतो, म्हणून तिथूनच जाऊ.

मिनेसोटाने केलेल्या सौद्याला मराठीत म्हणतात 'आतबट्ट्याचा'. यातला बट्टा हा सराफकट्ट्यावरचा. पेशवाईत अंकुशी, चांदवडी अशी तऱ्हेतऱ्हेची नाणी चालत. एक नाणं देऊन दुसरं घ्यायचं तर सराफ त्याचा कस बघून काही रक्कम कापून घेई. ती कापलेली रक्कम म्हणजे बट्टा. तोच बट्टा पुढे माणसाच्या नावाला लागला: 'घराण्याच्या नावाला बट्टा लावलास.' नाव हेही एक नाणंच. कस उतरला की त्याची किंमत कापून धरतात.

पोरं ज्याला लेगसीचा वाद म्हणतात, तो बराचसा या बट्ट्याचा वाद आहे. बास्केटबॉलमधल्या केविन ड्युरँटचं बघा. २०१६ मध्ये त्याचा ओक्लाहोमा सिटी संघ गोल्डन स्टेटविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत ३-१ असा पुढे असताना ३-४ ने हरला. गोल्डन स्टेट त्या मोसमात ७३ सामने जिंकलेला संघ. त्याच उन्हाळ्यात ड्युरँट स्वतःहून त्याच संघात गेला. २०१७ आणि २०१८ ची विजेतेपदं त्याने मिळवली, दोन्ही अंतिम मालिकांचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. तरी वाद घालणारे ती दोन विजेतेपदं पूर्ण किमतीला धरत नाहीत. बट्टा कापतात. किती कापायचा, त्यावर भांडण. मला विचाराल तर तो बट्टा फार जास्त कापला जातो. करार संपल्यावर माणसाने कुठे जायचं हे त्याचं त्याने ठरवलं, एवढाच त्याचा गुन्हा.

नुसती विजेतेपदं मोजून काम भागत नाही, हे पोरांनाही ठाऊक असतं. मायकेल जॉर्डनची सहा, रॉबर्ट हॉरीची सात, पण हॉरीला जॉर्डनच्या वर कुणी बसवत नाही. बिल रसेलची तर ११. लेब्रॉन जेम्सची चार, पण तो दहा वेळा अंतिम मालिका खेळला आणि ७ फेब्रुवारी २०२३ ला करीम अब्दुल-जब्बारचा कारकिर्दीतल्या ३८,३८७ गुणांचा विक्रम त्याने मागे टाकला. या सगळ्या तुलनेला आपल्याकडे शब्द काय? गावसकर मोठा की तेंडुलकर, यावर घरोघरी रात्री जागल्या. त्या वादात वारसा हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. आपण म्हणतो, 'मोठा कोण?' तेच इथे म्हणावं. लिहिताना 'लौकिक' किंवा 'थोरवी', बोलताना 'नाव'. 'या पराभवाचा त्याच्या लेगसीवर परिणाम होईल' याला 'यानं त्याच्या नावाला बट्टा लागेल' हे सरळ मराठी आहे, आणि खेळाडू जिवंत असताना, अगदी मैदानावर असतानाही ते शोभतं.

वारशाचं तसं नाही. वारसा मिळतो, चालवतात, सांगतात, जपतात. या प्रत्येक क्रियापदाला घेणारा लागतो. देणारा एकटा उभा असेल तर वारसा होत नाही. म्हणून तो शब्द टाकून द्यायचा नाही, त्याच्या जागी वापरायचा. स्टीफन करीने १४ डिसेंबर २०२१ ला तीन गुणांच्या फेकींचा रे ॲलनचा विक्रम मोडला, हा त्याचा लौकिक. पण आज गल्लीतल्या पडक्या बास्केटखाली दहा वर्षांचं पोर दूरच्या रेषेबाहेरून चेंडू टाकू बघतं, हा त्याचा वारसा, कारण तो कुणीतरी उचलला. आणि २२ ऑक्टोबर २०२४ ला लेब्रॉन आणि त्याचा मुलगा ब्रॉनी एकाच सामन्यात लेकर्सकडून खेळले, तिथे तर वारसा शब्दशः मैदानात उतरला. आजोबांची शंका तिथे फिटावी: देणारा वारलेला नाही, घेणारा शेजारी उभा आहे.

तेव्हा ताई, आजोबांना असं सांगून बघा: "बाबा, एक भांडण यावरून, की लुकाला देऊन डेव्हिसला घेतलं तो सौदा आपल्या डॅलसला आतबट्ट्याचा पडला का. आणि दुसरं, जॉर्डन मोठा की लेब्रॉन."