इंजिन बदलल्यावर बेल्ट एका कडेने का झिजतो?

प्रश्न : मी मिनेसोटात राहतो. जुन्या स्नोमोबाइलमध्ये (बर्फावर चालणाऱ्या गाडीत) दुसऱ्या मॉडेलचे इंजिन बसवून घेतल्यापासून ड्राइव्ह बेल्टची एकच कड झिजते आणि झाकणाखाली काळी भुकटी साचते. सेकंडरी क्लचमागचे (बेल्टच्या दुसऱ्या टोकाच्या, ट्रॅक फिरवणाऱ्या क्लचमागचे) वॉशर कमी-जास्त करूनही फरक पडलेला नाही. काय करावे?
— एक वाचक

उत्तर : वॉशरने सेकंडरी क्लच शाफ्टवर आतबाहेर सरकतो, मात्र इंजिनच तिरपे बसले असेल तर तो तिरपेपणा कितीही वॉशर घातले तरी जात नाही, आणि आपल्या वर्णनावरून दोष तिथेच असावा असे वाटते. बेल्ट काढून सेकंडरीच्या दोन तबकड्यांमध्ये अलाइनमेंट बार (दोन्ही क्लच एका रेषेत आहेत का हे पाहण्याची सरळ पट्टी) बसवावा आणि प्रायमरीच्या, म्हणजे इंजिनावरच्या क्लचच्या, स्थिर तबकडीच्या पुढच्या व मागच्या कडेपासून बारपर्यंतचे अंतर फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावे. या दोन मापांतील फरक म्हणजे इंजिनाचा तिरपेपणा. तो माउंटिंगचे (इंजिन गाडीच्या सांगाड्याला धरणाऱ्या आधारांचे) बोल्ट सैल करून, इंजिन सरकवून काढावा लागतो. मात्र हा फरक शून्यावर आणण्याचा हट्ट धरू नये, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर असते, जोर लागताच बेल्ट इंजिनाची क्लचकडची बाजू मागे ओढतो, आणि हे गृहीत धरून काही कंपन्या मुळातच थोडा फरक ठेवायला सांगतात. माउंटिंगचे रबर फुगलेले किंवा चिरलेले असेल, तर ते बदलल्याशिवाय केलेली मोजमापे व्यर्थच समजावीत.

त्याच वेळी दोन्ही क्लचच्या केंद्रांमधील अंतरही तपासावे. इंजिन वेगळ्या मॉडेलचे असल्याने ते बदललेले असू शकते. अपेक्षित माप आपण बसवलेल्या क्लचच्या जोडीचे धरावे. जुन्या इंजिनाच्या पुस्तिकेतले आकडे इथे लागू पडतीलच असे नाही. वॉशरचे काम यानंतरचे.

शेवटी बेल्ट चढवून त्याचा ताण पाहावा. दोन क्लचच्या मधोमध दाबल्यावर बऱ्याच जुन्या मॉडेलांत तो सुमारे सव्वा इंच दबणे अपेक्षित असते. ताण जास्त असेल तर इंजिन आयडलवर (थ्रॉटल न देता) असतानाच गाडी पुढे सरकू पाहते, आणि सैल असेल तर सुटताना ती अडखळते. एका कडेने झिजलेला जुना बेल्ट या तपासणीसाठी वापरू नये, आणि बेल्ट काढलेला असताना किंवा झाकण उघडे ठेवून इंजिन मुळीच सुरू करू नये.

प्रायमरीची वजने व स्प्रिंग नव्या इंजिनाच्या आरपीएमप्रमाणे बदलावी लागतील, पण बेल्ट सरळ चालू लागेपर्यंत त्यांना हात लावू नये.